मोहन्याची तिसरी चौकशी

नौपाड्यातल्या आमच्या कार्यालयाचा जिना दातांच्या एका दवाखान्याच्या बाजूने वर जातो. दारावरच्या पाटीवर जे नाव आहे त्यावरून आत काय चालतं ते कोणाला कळत नाही. त्यामुळे महिन्यातून दोन-चार माणसं गाल धरून वर येतात आणि आमच्या अधीक्षक बाई त्यांना खालचा मजला दाखवतात.

गुप्तचर खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा दिवस हजेरीपटाने सुरू होतो. साडेनऊला तिजोरी उघडते. तिला दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक अधीक्षक बाईंकडे. दोघी असल्याशिवाय ती उघडत नाही, म्हणून आम्ही दोघी एकाच दिवशी आजारी पडत नाही. मग टपाल. मग रजेचे अर्ज, गाडीचं लॉगबुक, वार्षिक गोपनीय शेरे. अकरा वाजता मुख्यालयाला रोजची टिपणी जाते. कोणत्या मिरवणुकीने मार्ग बदलला, कोणत्या कारखान्याच्या गेटवर सभा आहे, मोबाईलवर कोणती अफवा फिरते आहे, एवढंच त्यात असतं. क्षेत्रातून आलेली साडेतीन पानं दीड पानावर आणायची हे माझं मुख्य काम. ते मला जमतं, कारण या खात्यात येण्याआधी सहा वर्षं मी ठाण्याच्या एका दैनिकात जिल्ह्याच्या पानावर बसून तेच करत होते.

नोकरीतला सर्वांत धावपळीचा दिवस अशाच एका कागदावर सही करताना आला. त्या दिवसाची आठवण झाली की अजूनही चालण्याचा वेग वाढतो.

सरकारच्या काही आस्थापना अशा असतात की तिथे निवड झालेल्या प्रत्येक उमेदवाराची पडताळणी आमच्याकडे येते. पोलिसांत काही नोंद आहे का, शिक्षणाचे कागद खरे आहेत का आणि अर्जात दिलेल्या पत्त्यावर माणूस खरोखर राहतो का, हे पाहायचं. उमेदवाराला कळवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. शेजारीपाजारी विचारायचं, तेही आपण कोण हे न सांगता. हे शेवटचं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. पण खात्यात सगळे तसंच करत आले आहेत.

फाईल मोहन्याच्या एका मुलीची होती. वय चोवीस, तांत्रिक पदासाठी निवड. पोलिसांकडे नोंद नाही, कागद खरे. पत्ता मात्र जुळत नव्हता. आमचे चौकशी अधिकारी बारा दिवसांच्या अंतराने दोनदा तिथे जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी तेच लिहिलं होतं: सदर कुटुंब दीड वर्षापूर्वी खोली सोडून गेले, कुठे गेले ते शेजाऱ्यांना माहीत नाही, वास्तव्य आढळून आले नाही.

माझी सही झाली असती तर मुलीने अर्जात खोटा पत्ता दिला असं ठरलं असतं. निवड रद्द झाली असतीच. पण तेवढ्यावर भागत नाही. खोटी माहिती दिल्याचा शेरा एकदा बसला की पुढच्या प्रत्येक सरकारी अर्जाला तो चिकटतो. अहवाल पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. आमच्या अंतर्गत यंत्रणेवर, म्हणजे बाहेरच्या जगाशी न जोडलेल्या त्या एका संगणकावर, संध्याकाळी पाचला त्या फाईलचं पान बंद होणार होतं.

सव्वादहा वाजता मी दुसरा अहवाल वाचत होते. पेन हातात होतं. चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: "खोलीच्या दारास कुलूप असून दारासमोरील दोरीवर कपडे वाळत होते."

मी चौकशी अधिकाऱ्यांना आत बोलावलं. ते कोपरला राहतात, सव्वीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला सात महिने. अक्षर सुरेख.

"हे कपडे कोणाचे?" मी विचारलं.

"कुठले कपडे, मॅडम?"

"तुमच्या अहवालात वाळताहेत ते."

त्यांनी वाकून वाचलं. "हां, हे. मी गेलेलो तेव्हा होते दोरीवर. दिसलं ते लिहिलं. दोन पंजाबी ड्रेस, एक साडी, एक टॉवेल. डायरीत आहे माझ्या."

"सोडून जाऊन दीड वर्ष झालं ना त्यांना?"

अधीक्षक बाई टपालाची सही घ्यायला आल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मोहन्याला ऊन कमी पडत असेल."

चौकशी अधिकाऱ्यांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, मी माझ्या मनाचं काही घातलेलं नाही. तीन बायकांना विचारलं. तिघींनी तेच सांगितलं. शब्दाला शब्द."

"आणि पहिल्या वेळी गेलात तेव्हा?"

"तेव्हाही तेच. शब्दाला शब्द."

वार्तांकन करताना एक गोष्ट लवकर कळते. अपघात पाहिलेली तीन माणसं तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. तिघांचं वाक्य सारखं असेल तर ती माणसं आधी एकत्र बसलेली असतात. मी पेनाला टोपण लावलं. आत जी घाई उठली ती मला ओळखीची होती. पान छपाईला जायला तास उरलेला असताना टेबलावर येणाऱ्या फोनची ती घाई होती आणि कित्येक वर्षांत झाली नव्हती.

दोन प्रतिकूल अहवालांनंतर तिसरी चौकशी करायची तर ती कार्यालयप्रमुखाने जातीने करायची, असा नियम आहे. नियम वापरला गेल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. मी गाडी मागवली.

"आज?" अधीक्षक बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, संगणकावर तुमचाच पासवर्ड लागतो. तुम्ही पाचच्या आत इथे नसलात तर फाईल अपूर्ण म्हणून बंद होईल. मग ते यादीतल्या पुढच्याला बोलावतील."

"सही केली तरी पुढच्यालाच बोलावतील."

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या, "मग निघा. टिपणी मात्र देऊन जा."

टिपणी दहा पन्नासला गेली. दीड पानाऐवजी त्या दिवशी एक पान झालं आणि मुख्यालयाची कोणतीच तक्रार आली नाही.

चौकशी अधिकारी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. कोनगावच्या आसपास म्हणाले, "मॅडम, ओळख मात्र सांगायची नाही हां. सव्वीस वर्षांत मी एकदाही कार्ड काढलेलं नाही."

"बघू."

"बघू नाही, मॅडम. कार्ड काढलं की माणसं आपल्याला हवं ते बोलतात. खरं बोलत नाहीत."

दुर्गाडीवर पाऊण तास गेला. शहाडवरून मोहन्याला पोचलो तेव्हा बारा चाळीस झाले होते.

चाळ जुन्या रेयॉन कारखान्याच्या वसाहतीपलीकडे होती. समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी, मधून फरशी घातलेली गल्ली. अधिकारी गल्लीच्या तोंडाशी थांबले, मी एकटी आत गेले. उजवीकडच्या चौथ्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर साठीच्या एक मावशी कडव्या वालाचं बिरडं सोलत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर आणखी दोघी होत्या, सालं एका वर्तमानपत्रावर पडत होती.

मी आडनाव सांगितलं आणि विचारलं, ते इथे राहतात का.

"राहायचे," मावशी म्हणाल्या. "दीड वर्ष झालं, सोडून गेले. कुठे गेले माहीत नाही."

अहवालातलं वाक्य होतं ते. क्रमही तोच. त्यांच्या डोक्यावरच्या दोरीवर एक पिवळी ओढणी होती आणि तिचं पाणी अजून फरशीवर ठिबकत होतं.

"ही ओढणी कोणाची?"

"माझी."

"तुमची?"

"का? म्हाताऱ्या माणसाने ओढणी घेऊ नये काय?"

समोरच्या दोघींपैकी एकीला हसू आवरेना. मावशींनी तिच्याकडे रागाने पाहिलं, वालाचा दाणा ताटात टाकला आणि माझ्याकडे वळल्या. माझी साडी, पर्स, चष्मा सगळं त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"हे बघा बाई, तुम्ही चांगल्या घरच्या दिसता. मुलगाही चांगला असेल तुमचा. पण पोरीचं आत्ता बघायचं नाहीये. तुमच्या भावाला पण आम्ही दोनदा वाटेला लावलं. तरी तुम्ही आलातच."

"माझा भाऊ?"

"ते काय, कोपऱ्यावर उभे आहेत. टकलावर रुमाल टाकून. मुलाचे मामा ना ते?"

मी मागे पाहिलं. चौकशी अधिकारी एका दुकानाच्या फळीवरची बिस्किटं निरखत होते. सव्वीस वर्षं कोणाच्या लक्षात न येण्याची त्यांची तीच पद्धत होती.

"मामा आहेत हे कशावरून ओळखलंत?"

"घ्या! आता कशावरून!" मावशी बोटांवर मोजू लागल्या. "पोरगी वागायला कशी आहे. कोणाबरोबर येते-जाते. घरी कोण कोण येऊन राहतं. कोणाच्या नादाला नाही ना. बाप कशाने गेला. नातेवाईक कुठे असतात. हे असं मुलाच्या मामाशिवाय कोण विचारतं हो?"

आमच्या खात्याची छापील प्रश्नावली आहे. मावशींनी तिच्यातले सहा प्रश्न ओळीने म्हणून दाखवले होते. सव्वीस वर्षं ते प्रश्न घेऊन आमची माणसं अनोळखी गल्ल्यांत उभी राहत होती आणि ऐकणाऱ्यांना आपण कोण वाटतो, हे खात्यात कोणी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

बाकीचं मावशींनी आपण होऊन सांगितलं. मुलीचे वडील ती अकरावीत असताना गेले. गावचे काका दर सहा महिन्यांनी एक स्थळ पाठवत आणि मग आईवर दबाव टाकत. मुलीला शिकायचं होतं. म्हणून चाळीने बसून ठरवलं होतं की नोकरी लागेपर्यंत जो कोणी चौकशीला येईल त्याला एकच उत्तर द्यायचं. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. सगळ्या बायकांकडून ते पाठ करून घेतलं होतं. "एकीने एक, दुसरीने दुसरं सांगितलं की संपलं," मावशी म्हणाल्या.

नोकरी लागेपर्यंत! मी ओट्यावर बसले. चाळ मुलीच्या नोकरीसाठी खोटं बोलत होती आणि ते खोटं माझ्या पर्समधल्या फाईलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

एक वाजला होता. मी कार्ड काढलं.

मावशींनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "असली कार्डं कोणीही छापून आणतं. परवा पलीकडच्या चाळीत फोन आला, पोलीस बोलतोय म्हणून. फोटोत टोपीपण होती डोक्यावर."

"मी खरंच सरकारी अधिकारी आहे."

"असाल. सरकारी अधिकाऱ्यांना मुलगे नसतात?"

समोरच्या दोघी आता उघड हसत होत्या. मी चौकशी अधिकाऱ्यांना खूण केली. ते आले तेव्हा मावशी म्हणाल्या, "या मामा, बसा. उन्हात कशाला उभे राहिलात?" ते गोंधळून माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"आईला फोन लावा," मी मावशींना सांगितलं. "मी मुलीशी बोलणार नाही, मला तशी परवानगी नाही. आईशी बोलेन. आणि ते आजच बोलायला हवं. संध्याकाळी पाचनंतर उपयोग नाही. मुलीचं नुकसान होईल. कायमचं."

आवाज चढला असावा, कारण तिघींचे हात थांबले. मावशींनी पदराला हात पुसले आणि फोन लावला.

आई शहाडच्या एका पाळणाघरात कामाला होती. रिक्षाने आली तेव्हा दीड वाजला होता. बारीक अंगाची बाई, कपाळावर घाम. ती आली ती माझ्यासमोर उभीच राहिली, बसली नाही.

"कुठल्या नोकरीचं म्हणताय?"

ते सांगायला मला मनाई होती. आस्थापनेचं नाव बाहेर बोलायचं नाही, घरच्यांशीही नाही. "ते मला सांगता येत नाही," मी म्हटलं.

"बघा!" मावशी गल्लीला उद्देशून म्हणाल्या.

आईचा चेहरा कठोर झाला. मला तो क्षण अजून स्पष्ट आठवतो. मी पर्समधली फाईल घट्ट धरून बसले होते. तिच्यात सगळं होतं आणि त्यातलं काहीच मला दाखवता येत नव्हतं. पाठीमागे चौकशी अधिकारी हळूच म्हणाले, "मॅडम, सांगितलेलं ना मी, कार्ड काढून उपयोग नसतो." एक अठ्ठेचाळीस झाले होते.

आईने मुलीला फोन लावला. मुलगी डोंबिवलीला एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. आई दोन पावलं बाजूला जाऊन बोलली, तरी गल्ली एवढी अरुंद की सगळं ऐकू येत होतं.

"एक बाई आलीये. सरकारची म्हणते. नाही गं, काकांची नाही वाटत. मामा पण आलाय बरोबर... कुठल्या नोकरीचं ते सांगत नाही."

मग आई नुसती ऐकत राहिली. मग माझ्याकडे आली. "ती म्हणते, अर्जाचा नंबर बारा आकडी आहे. पहिले सहा ती सांगेल. पुढचे सहा तुम्ही सांगा."

तेवढं मला करता येत होतं. नंबर म्हणजे आस्थापना नव्हे. मी फाईल पर्समध्येच अर्धवट उघडली. आईने फोन कानाला लावून एकेक आकडा मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. मी बोट ठेवून मोजत होते. सहा झाले.

"चौथा चुकला," मी म्हटलं. "तिला सांगा, चौथा अंक तो नाही." बरोबर अंक कोणता तेही सांगितलं आणि पुढचे सहा वाचून दाखवले.

आईने ते फोनवर सांगितलं. पलीकडे एवढी शांतता की आईने "हॅलो, हॅलो" केलं. मग ती ऐकू लागली आणि एकदम पाळणाघराची पिशवी खाली ठेवून ओट्यावर बसली.

"काय म्हणाली?" मावशींनी विचारलं.

"ती म्हणते, चौथा मुद्दाम चुकवला होता." आईने माझ्याकडे पाहिलं. "म्हणते, आधी त्यांना पाणी दे."

चौकशी अधिकारी जोरात हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "मॅडम, हिला आपल्याकडे घ्या!"

मावशी मात्र हसत नव्हत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं होतं. "म्हणजे हे मामा नोकरीसाठी आले होते? दोन्ही वेळा?"

"हो."

"आणि मी त्यांना सांगितलं..." त्या थांबल्या. "मीच पाठ करून घेतलं होतं गं सगळ्यांकडून. मीच."

आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, अजून वेळ आहे. माझ्याच आवाजावर माझा विश्वास नव्हता. दोन वाजून पाच मिनिटं.

पुढचा अर्धा तास गेला त्या वेगाने आमच्या खात्यात काहीही होत नाही. आईने कुलूप उघडलं. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, गेल्या महिन्याचं वीजबिल, गॅसचं कार्ड, सगळं एका पत्र्याच्या डब्यात नीट लावलेलं होतं. मी पाहत होते, अधिकारी नोंद करत होते. दोन शेजाऱ्यांचे जबाब हवे होते. गल्लीत रांग लागली. आजवर एकच वाक्य म्हणत आलेल्या बायकांना आता एकदम बोलायचं होतं.

पहिला जबाब मावशींचा.

"लिहा, मामा. पोरगी गुणी आहे."

"गुणी असं लिहिता येत नाही, मावशी. वर्तणूक चांगली, असं लिहितो."

"मग दोनदा लिहा."

"दोनदा कसं लिहिणार?"

"का? खोटं दोनदा लिहिलंत ना?"

अधिकाऱ्यांनी मान खाली घातली आणि लिहिलं. मावशी थोडा विचार करून म्हणाल्या, "रविवारी उशिरा उठते, तेही घाला."

"कशाला गं?" आई म्हणाली.

"खरं सांगा म्हणतात ना? मग सगळं खरं. आता मी काही लपवणार नाही."

दोन पस्तीसला निघालो. मावशींनी सोललेल्या बिरड्याची पिशवी गाडीत ठेवायचा प्रयत्न केला. ती घेता येत नाही हे सांगण्यात तीन मिनिटं गेली.

गाडीत मी अहवाल सांगत होते आणि अधिकारी गुडघ्यावर पॅड ठेवून लिहीत होते. त्यांनी प्रत्येक वाक्याला "असे समजते" जोडलं. मी प्रत्येक वेळी ते काढायला लावलं. "समजते कसलं? आपण पाहिलं." कल्याण मागे पडेपर्यंत दोन परिच्छेद झाले. दुर्गाडीच्या पुढे एक कंटेनर आडवा झाला होता. तीन पंचवीस. तीन चाळीस. गाडी हलेना.

"शेवटचा परिच्छेद," मी म्हटलं आणि थांबले. तो त्यांच्याबद्दल होता.

त्यांनी वाट पाहिली. मग स्वतःच लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "यापूर्वीचे दोन्ही अहवाल वस्तुस्थितीशी विसंगत आहेत. चौकशी अधिकाऱ्याने ऐकीव माहितीची पडताळणी प्रत्यक्ष निरीक्षणाशी केली नाही." पेनाचं टोपण लावलं. "एवढं बास ना, मॅडम?"

"निरीक्षण तुमचंच होतं, हेही लिहा. कपडे तुम्ही पाहिले नसते तर आज मी सही करून मोकळी झाले असते."

त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. "ते तुम्ही लिहा," म्हणाले.

रस्ता मोकळा झाल्यावर ड्रायव्हरने जी गाडी मारली तिची नोंद लॉगबुकात नाही. तरी तीन हात नाक्यावर सिग्नलची रांग लागली तेव्हा चार एकतीस झाले होते. चार चाळीसला आम्ही तिथेच होतो. मी दार उघडलं आणि उतरले. अधिकारी पाठोपाठ उतरले. एक त्रेपन्न वर्षांची बाई साडी सावरत आणि सत्तावन्न वर्षांचा माणूस पॅड छातीशी धरून नौपाड्याच्या फुटपाथवरून पळत होते. भाजीवाल्यांच्या पाट्या चुकवत, माणसांना "जरा बाजूला, जरा बाजूला" म्हणत. दवाखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या एका पेशंटने आम्हाला घाईघाईने वाट दिली. त्याला वाटलं असावं, दाढ फार दुखते आहे.

अधीक्षक बाईंनी संगणक सुरू करून ठेवला होता, मी पासवर्ड टाकला. दोन्ही जबाब, कागदांची यादी, अहवाल, सगळं बाईंनी पॅडवरून नजर न काढता टाइप केलं. चार एक्कावन्न. शेवटच्या रकान्यात पर्याय होते: चौकशीची पद्धत, गुप्त किंवा खुली. बाईंनी सवयीने 'गुप्त' निवडलं.

"खुली," मी म्हटलं.

"खुली आजवर कोणी निवडलेली नाही, मॅडम."

"कार्ड दाखवलंय. खुली."

त्यांनी निवडलं. पडद्यावर नवी चौकट आली: कारण नमूद करावे. किमान शंभर शब्द.

मग अधीक्षक बाई उठल्या आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

पाच मिनिटांत शंभर शब्द हे मला येणारं एक काम आहे. चौकशीसाठी गेलेल्या अधिकाऱ्यास शेजाऱ्यांनी वराकडील मंडळी समजले, इथून मी सुरुवात केली. कोण, कुठे, केव्हा, कशामुळे. मागे उभे राहून अधिकारी शब्द मोजत होते. "एक्क्याऐंशी... चौऱ्याण्णव... मॅडम, झाले, एकशे तीन!" चार सत्तावन्नला पान गेलं. पडद्यावर पोच आली. अधीक्षक बाईंनी टाळी वाजवली आणि लगेच दार लावलं, कारण या कार्यालयात टाळ्या वाजत नाहीत.

पाच दहाला मुख्यालयातून फोन आला. पलीकडच्या अधिकाऱ्याचा आवाज तरुण होता. "मॅडम, एक शंका होती. 'मुलाचे मामा' असा उल्लेख आहे. हे मामा कोण? त्यांचीही पडताळणी झाली आहे का?"

"झाली आहे," मी म्हटलं. "सव्वीस वर्षांपूर्वी."

चौकशी अधिकाऱ्यांनी खुर्चीत बसून डोळे पुसले. हसून की कशाने ते मी पाहिलं नाही.

आमच्या खात्याला उमेदवारांचं पुढे काय झालं ते सहसा कळत नाही. अहवाल जातो, फाईल कपाटात जाते. त्या फाईलसाठी मात्र मी अधीक्षक बाईंना रोज टपाल पाहून झाल्यावर विचारत असे. चौकशी अधिकारी विचारत नसत. ते टपालाच्या वेळेला दाराशी काही ना काही काम काढून उभे राहत. सात आठवडे असे गेले. एका सकाळी बाईंनी पाकीट फोडलं, आतला कागद पाहिला आणि आम्हाला आत बोलावलं. एकच ओळ होती. त्यांनी ती वाचली: "सदर उमेदवार विहित दिनांकास रुजू झाल्या आहेत."

"परत वाचा," अधिकारी म्हणाले.

बाईंनी परत वाचलं. मग कागद अधिकाऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, उलटा करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. तरी बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले.